फिक्सेशनवाले अण्णा: कोर्ट कर्मचाऱ्यांचं सर्व्हिस बुक तपासून देणारी कराडातली एक सेवा

कोर्टातल्या क्लार्क, स्टेनो, बेलीफ, शिपाई मंडळींना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितेय. कराडात शनिवार पेठेत जिल्हा न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. घराच्या पुढच्या खोलीत बसून ते सर्व्हिस बुक, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या नोंदींचं पुस्तक, तपासून देतात आणि वेतननिश्चितीचा (फिक्सेशनचा) तक्ता, म्हणजे पदोन्नतीनंतर मूळ वेतन किती ठरतं त्याचा हिशेब, करून देतात. बाहेर पाटी नाही, जाहिरात त्यांना आवडत नाही, म्हणून नाव देत नाही. कोर्टाच्या आवारात 'फिक्सेशनवाले अण्णा' म्हटलं की कोणीही घर दाखवतं. फी पाचशे रुपये. शिपाई आणि हमालांकडून ते पैसे घेत नाहीत.

मी नोव्हेंबर २०१६ मध्ये कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. सातव्या वेतन आयोगात आमचं पद एस-६ या वेतनस्तरात, मूळ वेतन १९,९०० ते ६३,२००. दर जुलैला एक टप्पा चढत २०२४ च्या जुलैत मूळ वेतन २५,२०० झालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये वरिष्ठ लिपिकाची ऑर्डर आली. वरिष्ठ लिपिक म्हणजे एस-८, २५,५०० पासून सुरू. सगळ्यांनी पेढे मागितले. आस्थापना शाखेत विचारलं, तर 'रुजू दिनांकापासून फिक्सेशन होतं, सही करा' एवढंच उत्तर. बेंचवरच्या एका सीनिअर ताईंनी सांगितलं, सही करायच्या आधी अण्णांकडे जाऊन ये.

अण्णांनी माझ्या सर्व्हिस बुकच्या झेरॉक्सची पहिल्या पानापासून सुरुवात केली. मला वाटत होतं, शेवटची दोन पानं पाहतील. पण त्यांनी रुजू तारीख, जात पडताळणीची नोंद, टायपिंगची सर्टिफिकेटं, एमएस-सीआयटी, स्थायित्वाचा आदेश, प्रत्येक वर्षाची वेतनवाढ आणि तिच्याखालची साहेबांची सही, सगळं बोट ठेवून वाचलं. एका वर्षी वेतनवाढीची नोंद होती पण सही नव्हती. 'पगार मिळालाय ना, मग काय बिघडलं,' असं मी म्हणणार तोच ते म्हणाले, 'वेतन पडताळणीला पुस्तक गेलं की पहिली हरकत हीच येते, बाई. सही करणारे साहेब बदलून जायच्या आत करून घ्या.' मी दुसऱ्याच दिवशी घेतली.

मग त्यांनी एका आखीव कागदावर दोन रकाने पाडले. आपण प्रत्येकाने समजून घ्यावी अशी गोष्ट खरं तर इथेच आहे.

पहिला रकाना: पदोन्नतीच्या तारखेपासून निश्चिती. एस-६ मध्ये एक काल्पनिक वेतनवाढ द्यायची, २५,२०० चे २६,०००. मग एस-८ मध्ये त्याच्याइतका किंवा लगेच वरचा टप्पा बघायचा, तो २६,३००. पण फेब्रुवारीत पदोन्नती, म्हणजे जुलैपर्यंत सहा महिने भरत नाहीत, त्यामुळे त्या जुलैत वाढ नाही.

दुसरा रकाना: विकल्प देऊन, म्हणजे निश्चिती कोणत्या तारखेपासून हवी ते लेखी कळवून, पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून निश्चिती. फेब्रुवारी ते जून एस-८ मधला लगेच वरचा टप्पा, २५,५००. एक जुलैला एस-६ मध्ये दोन वाढी, एक नेहमीची आणि एक पदोन्नतीची: २५,२००, २६,०००, २६,८००. एस-८ मध्ये त्याच्या वरचा टप्पा २७,१००.

म्हणजे पाच महिने दरमहा मूळ वेतनात ८०० कमी आणि जुलैपासून ८०० जास्त. वर महागाई भत्ता, घरभाडं, एनपीएसचा (पेन्शन योजनेचा) हिस्सा, सगळं मूळ वेतनावरच मोजलं जातं. आणि हा विकल्प पदोन्नतीपासून एक महिन्याच्या आत लेखी द्यायचा असतो. अण्णांनी विकल्पाचा मसुदा तिथेच लिहून दिला, मी तो आवक क्रमांक टाकून दिला आणि पोच घेतली. पोच घ्यायची हे त्यांनी बजावून सांगितलं होतं.

पाचशे रुपयांत एवढं काम झालं, याहून जास्त कौतुक काय करायचं! पण मला त्यांच्याकडून मिळालेली मोठी गोष्ट वेगळीच आहे. आपलं पद कोणत्या स्तरात का बसवलंय, याकडे बघायची नजर त्यांनी दिली.

जिल्हा न्यायालयांच्या भरतीची डिसेंबर २०२३ ची जाहिरात त्यांच्या टेबलावरच्या फायलीत लावलेली आहे. ४,६२९ पदं होती. शिपाई-हमाल एस-१, सुरुवात १५,०००. कनिष्ठ लिपिक एस-६, १९,९००. लघुलेखक श्रेणी-३ एस-१४, ३८,६००. स्टेनोला शॉर्टहँडचा वेग लागतो, ते कौशल्य वर्षानुवर्षं हात घासून येतं, त्याचा पगार त्याला मिळायलाच हवा, माझी त्यावर काही तक्रार नाही. पण एस-६ मधला क्लार्क कोर्टात काय करतो, हे ठरवताना कुणी बघितलंय का? तो रोजनामा (खटल्यात त्या दिवशी काय झालं त्याची नोंद) लिहितो, दाखल कागदांना निशाणी, म्हणजे ओळख क्रमांक, टाकतो, मुद्देमालाचा हिशेब ठेवतो, जामिनाची कागदपत्रं तपासतो. एक निशाणी चुकली तर अपिलात प्रश्न उभा राहतो. एवढी जोखीम असूनही त्याचा स्तर राज्यातल्या कुठल्याही ऑफिसात आवक-जावक बघणाऱ्या लिपिकाइतकाच.

अण्णा यावर फार पोटतिडकीने बोलतात. पहिला राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोग १९९६ मध्ये न्यायमूर्ती के. जगन्नाथ शेट्टी यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. त्याने न्यायाधीशांबरोबर आम्हा कर्मचाऱ्यांचाही विचार केला, आमच्यासाठी वेगळा अहवाल दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००९ च्या आदेशात तो १ एप्रिल २००३ पासून लागू करायला सांगितलं. कोर्टाचं काम वेगळं आहे म्हणून पदांची रचनाही वेगळी तपासायला हवी, हे तेव्हा मान्य झालं होतं. न्यायमूर्ती पी. व्ही. रेड्डी यांचा दुसरा आयोग मात्र फक्त न्यायिक अधिकाऱ्यांपुरता होता. त्यातून कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांचं सुरुवातीचं वेतन ७७,८४० झालं. त्यांच्या कामाचा भार आम्ही रोज डोळ्यांनी बघतो, त्यामुळे ते योग्यच झालं असं मी मनापासून म्हणते. पण त्याच डायसखाली बसून तोच बोर्ड, म्हणजे दिवसाच्या प्रकरणांची यादी, संपवणारी माणसं त्या आयोगाच्या कक्षेबाहेर राहिली, हे मला पटत नाही.

दहा, वीस, तीस वर्षांच्या सेवेनंतर लाभ देणाऱ्या योजनेचंही तसंच. सुधारित आश्वासित प्रगती योजनेत दहा वर्षं पदोन्नती नाही मिळाली तर वरच्या पदाचा स्तर मिळतो. २ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने ती १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. चांगली योजना आहे, तिच्यामुळे अनेक घरं तगली. पण ज्या क्लार्कला दहा वर्षांनी एस-८ मिळाला आणि अकराव्या वर्षी खरी पदोन्नती झाली, त्याला पुन्हा निश्चितीचा लाभ नाही. टेबल बदलतं, जबाबदारी वाढते, पगार तोच. आणि पदोन्नती नाकारली तर योजनेचा लाभही धोक्यात. अण्णा प्रत्येकाला हे दोन्ही बाजूंनी समजावतात, कुणाला भरीस घालत नाहीत.

मी बसले होते तेव्हा निवृत्तीला आलेले एक बेलीफ काका आले होते. उभं आयुष्य समन्स बजावत गेलं, आणि आता पडताळणीत जुन्या एका निश्चितीवर हरकत निघून जादा मिळालेल्या पगाराची वसुली लागलेली. काकांचे हात थरथरत होते. अण्णांनी आधी पाणी दिलं, मग सर्वोच्च न्यायालयाचा १८ डिसेंबर २०१४ चा रफिक मसीह प्रकरणातला निकाल काढला: वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, जादा दिलेल्या रकमेची अशी वसुली करता येत नाही. त्याचबरोबर हेही सांगितलं की २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात लेखी हमी दिलेल्या अधिकाऱ्याकडून वसुली योग्य ठरली आहे, तेव्हा तुम्ही वचनपत्रावर काय लिहून दिलंय ते आधी बघू. खोटी आशा लावली नाही. अर्जाचा मसुदा दिला आणि पुढे वकील गाठावा लागेल हेही स्पष्ट सांगितलं. अशा माणसाकडे आपलं पुस्तक द्यायला मला भीती वाटत नाही.

आता उणिवा. तक्ता हाताने लिहून देतात, अक्षर सुंदर आहे पण ऑफिसला विहित नमुन्यात टाईप करून लागतो, ते काम आपल्यालाच करावं लागतं. फोनवर काही सांगत नाहीत. व्हॉट्सॅपवर पाठवलेले फोटो बघत नाहीत, पानं पुढेमागे होतात म्हणतात, ते खरंही आहे, पण वाई-पाटणहून येणाऱ्याला जड जातं. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असल्याने गर्दी होते, ताटकळावं लागतं, आणि बसायला खुर्च्या कमी आहेत. स्टेनोंच्या श्रेणी-२, श्रेणी-१ च्या प्रकरणांत त्यांना जास्त वेळ लागतो, हे तेच सांगतात आणि आठवड्याची मुदत मागून घेतात.

जाताना मूळ सर्व्हिस बुक नेऊ नका, ते आस्थापनेतून हलवायचं नसतंच. दुय्यम पुस्तक (आपल्याकडची दुसरी प्रत) असेल तर ते, नाहीतर सर्व पानांची झेरॉक्स, कोरी वाटणारी पानंसुद्धा. नेमणुकीचा आणि पदोन्नतीचा आदेश, आजवर दिलेले विकल्प आणि वचनपत्रं, शेवटची पगार स्लिप. पदोन्नतीचा आदेश नवा असेल तर त्याच आठवड्यात जा, कारण महिन्याची मुदत रुजू झाल्यापासून चालू झालेली असते. सकाळी दहाच्या आत गेलात तर नंबर लवकर लागतो. दुपारी एक ते चार अण्णा कोणाला भेटत नाहीत.