म्हापशातलं जुन्या रेकॉर्ड्सचं दुकान आणि तिथे मिळालेली 'लेला'

म्हापशाच्या बाजाराच्या मागच्या बोळात एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर सेकंडहँड रेकॉर्ड्सचं दुकान आहे. बोर्ड नाहीये, लाकडी जिना चढून वर जायचं, दार उघडंच असतं. नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली एक तक्रार पण लिहिणार आहे आणि ती वाचून कुणी त्या माणसाला जाऊन त्रास द्यावा असं मला वाटत नाही. माणूस चांगला आहे. साठीच्या पुढचे आहेत, आम्ही सगळे अंकल म्हणतो. दुपारी एक ते चार बंद, त्या वेळेत जाऊ नका, उगाच जिना चढाल.

आधी चांगलं सांगतो. गोव्यात रेकॉर्ड सांभाळणं किती कठीण आहे ते ज्याच्या घरी आहेत त्यालाच माहीत, जूनमध्ये पाऊस लागला की ऑगस्टपर्यंत कव्हरवर पांढरी बुरशी, आणि ती खाचेत गेली की मग कितीही पुसा, करकर जात नाही. अंकलनी प्रत्येक कपाटात खाली एक पिवळा बल्ब लावून ठेवलाय, आपली आजी रेशमी साड्यांच्या कपाटात लावायची तसा, चोवीस तास चालू. त्यामुळे इथल्या रेकॉर्ड हातात घेतल्या की कोरड्या लागतात, वास येत नाही. विकत घ्यायच्या आधी पूर्ण बाजू ऐकू देतात, घाई करत नाहीत. माल बराचसा तारवट्यांच्या घरांतून आलेला, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकात बोटीवर कामाला असलेल्या लोकांनी परदेशातून आणलेल्या रेकॉर्ड, आता मुलं घर विकताना काढून टाकतात. जुनी कोंकणी गाणी, हिंदी फिल्मी, थोडं नाट्यसंगीत, आणि एक पूर्ण कपाट रॉकचं.

त्या कपाटात मला डेरेक अँड द डॉमिनोज, म्हणजे गिटारवाला एरिक क्लॅप्टनच्या बँडची 'लेला अँड अदर असॉर्टेड लव्ह साँग्ज' मिळाली. १९७० ची डबल एलपी, दोन तबकड्या, चार बाजू, चौदा गाणी. अंकलनी अडीच हजार सांगितले, मी बावीसशेला घेतली. कव्हरची शिवण एका बाजूने सुटलेली, पण तबकड्या छान, दुसऱ्या बाजूला एक बारीक चरा आहे तेवढाच. या एलपीच्या कव्हरवर पुढे फक्त एका बाईचं चित्र आहे, सोनेरी केस, हातात फुलं, बँडचं नाव नाही की एलपीचं नाव नाही, क्लॅप्टनला तसंच हवं होतं. आणि त्या चित्रावर अंकलनी एक स्टिकर चिकटवलेला, मार्करने मोठ्या अक्षरात, 'आईचा खून करणाऱ्या ड्रमरची रेकॉर्ड'.

हीच माझी तक्रार. बाकी दुकानाला पाचपैकी पाच देईन, पण या स्टिकरसाठी एक कापतो, आणि का कापतो ते नीट सांगायला पायजे.

ड्रमर म्हणजे जिम गॉर्डन. १९४५ चा जन्म, लॉस एंजेलिसचा. सतराव्या-अठराव्या वर्षी १९६३ मध्ये एव्हर्ली ब्रदर्सबरोबर वाजवायला लागला, मग हॅल ब्लेनसारख्या मोठ्या स्टुडिओ ड्रमरच्या हाताखाली तयार झाला, आणि साठच्या दशकात तिथल्या स्टुडिओत रोज एकामागून एक सेशन वाजवणाऱ्या ज्या मंडळींना नंतर रेकिंग क्रू म्हणायला लागले त्यांच्यातला एक. बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स'वर तो आहे, जॉर्ज हॅरिसनच्या १९७० च्या तीन तबकड्यांच्या संचावर आहे, कार्ली सायमनच्या 'यू आर सो व्हेन'ला ड्रम त्याचे, स्टीली डॅनच्या 'प्रेट्झल लॉजिक'वर तो आहे, ट्रॅफिक नावाच्या बँडबरोबर आहे. आणि १९७३ च्या इन्क्रेडिबल बाँगो बँडच्या 'अपाची'मध्ये मधेच सगळं थांबतं आणि फक्त ड्रम आणि बाँगो राहतात, तो तुकडा न्यूयॉर्कच्या डीजेंनी दोन तबकड्यांवर उलटसुलट वाजवून पार्ट्यांमध्ये चालवला आणि हिप-हॉपचा पाया ज्या थोड्या तुकड्यांवर उभा राहिला त्यातला हा एक. म्हणजे तुम्ही रॉक कधी ऐकलं नसेल तरी या माणसाचा हात तुमच्या कानावरून कधीतरी गेलेला आहे.

पण नाव? कव्हरवर शोधावं लागतं, तेही असलं तर. हे आम्हा गोवेकरांना वेगळं समजावून सांगायला नको, मुंबईच्या फिल्म स्टुडिओत आमच्या किती लोकांनी आयुष्य काढलं, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, गाणी सगळ्या देशाला पाठ आणि कव्हरवर संगीतकाराचं नाव, वाजवणाऱ्यांचं नाही. मग असं वाटतं की ज्या माणसाचं नाव आयुष्यभर कव्हरवर बारीक अक्षरात शोधावं लागलं त्याचं पहिल्यांदा मोठ्या अक्षरात काही लिहिलं गेलं तर ते हे.

आता एलपी कशी वाजते ते. मी घुमट आरतीत वाढलो, चवथीला म्हणजे गणेश चतुर्थीला आमच्या वाड्यावर घरोघर घुमट (चामडं लावलेलं मातीचं मडकं), शामेळ (दोन काठ्यांनी वाजवायचा छोटा ढोल) आणि कासाळें (झांजा) घेऊन फिरायचं हे लहानपणापासून, त्यामुळे मी गाणं ऐकताना आधी ठेका ऐकतो. 'की टू द हायवे' सुरू होतं तेच मधूनच, हळूहळू आवाज वर येतो, कारण मंडळी आपापसात वाजवत बसली होती आणि निर्माता टॉम डाउडने टेप चालू करायला सांगितली तोपर्यंत गाणं निघालेलं होतं. नऊ मिनिटांच्या वर चालतं, आणि गॉर्डन त्यात एकदाही पुढे येत नाही, फक्त धरून ठेवतो, आणि दोन गिटार, क्लॅप्टन आणि ड्वेन ऑलमन, त्याच्या खांद्यावर बसून खेळतात. तिसऱ्या बाजूचं 'व्हाय डझ लव्ह गॉट टू बी सो सॅड' एवढ्या वेगात आहे की दुसऱ्या कुणाच्या हातात ते धावत सुटलं असतं. इथे नाही. शामेळ वाजवणारा चांगला असला की घुमटवाले कितीही चढले तरी लय पळत नाही, चढते पण पळत नाही, तसं. ज्यांनी सुवारी, म्हणजे या वाद्यांचं एकत्र वादन, जवळून ऐकलीय त्यांना हा फरक लगेच कळेल. आमच्याकडे लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकरांची गोष्ट सांगतात की दोन हात, दोन पाय वेगवेगळ्या तालात चालायचे, तर ड्रमरला रोजच चारही अवयव वेगळे चालवायचे असतात, पण ते ऐकणाऱ्याला एक वाटलं पायजे, आणि गॉर्डनचं तसं वाटतं. हेडफोन लावून फक्त उजवा हात ऐका, झांजेवरची प्रत्येक टिक सारखी.

आणि चौथ्या बाजूवरच्या 'लेला' या गाण्याचा दुसरा भाग. पहिली तीनेक मिनिटं ओरड, गिटार, आकांत, मग एकदम सगळं शांत होऊन पियानो येतो. तो पियानो गॉर्डनने वाजवलाय आणि गाण्याच्या श्रेयात क्लॅप्टनबरोबर त्याचंच नाव आहे. पण एक गोष्ट लपवायची नाही, रिटा कूलिज, जी तेव्हा त्याची मैत्रीण होती, तिचं म्हणणं आहे की ती चाल दोघांनी मिळून केलेली आणि तिला श्रेय दिलंच नाही, आणि बँडचा कीबोर्डवाला बॉबी व्हिटलॉकनेही तिचीच बाजू घेतली. त्याच १९७० साली टूरवर असताना गॉर्डनने एका हॉटेलच्या पॅसेजमध्ये तिला कारण नसताना जोरात मारलं होतं, आदल्या क्षणापर्यंत नीट बोलत होता. म्हणजे आजार तेव्हाच दारात उभा होता. कुणी ओळखला नाही, दारू आणि ड्रग्जचे दिवस, सगळं त्यावर ढकललं गेलं.

नंतर आवाज यायला लागले. डोक्यात माणसं बोलायची, त्यात आईचा आवाज सगळ्यात मोठा, जेवू देत नाही, झोपू देत नाही, वाजवू देत नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्याने कित्येकदा हॉस्पिटलच्या वाऱ्या केल्या, कामं सुटत गेली. ३ जून १९८३ ला त्याने आईला मारलं. आई नर्स होती. स्किझोफ्रेनिया आहे असं पक्कं निदान झालं ते अटकेनंतर. कोर्टाने आजार मान्य केला, पण तेव्हाच्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यात त्या आधारावर सुटका होणं जवळजवळ अशक्य होतं, १९८४ मध्ये सोळा वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झाली. १९९३ मध्ये 'लेला'च्या अनप्लग्ड, म्हणजे विजेच्या गिटारशिवायच्या, आवृत्तीला ग्रॅमी मिळालं तेव्हा तो आत होता. १३ मार्च २०२३ ला व्हॅकाव्हिलच्या तुरुंगातल्या मेडिकल फॅसिलिटीतच गेला, ७७ वर्षांचा होऊन, जवळजवळ चाळीस वर्षं आत.

हे सगळं वाचून लोक दोन गोष्टी बोलतात आणि मला दोन्हींचा राग येतो. एक अंकलच्या स्टिकरसारखी, खुनी ड्रमर. दुसरी जास्त गोड, की वेडा होता म्हणूनच एवढा वाजवायचा, कलाकार असेच असतात. लेला हे नाव निजामीच्या लैला-मजनूवरून घेतलंय आणि मजनू म्हणजेच झपाटलेला, त्यामुळे प्रेमात वेडं होण्याची सगळ्यांना फार हौस. पण नुसत्या तारखा लावून बघा. तो जेव्हा ठीक होता तेव्हा वाजवत होता, दिवसाला दोन-तीन सेशन, वेळेवर हजर. आजार वाढला तसं वाजवणं कमी झालं आणि शेवटी बंदच पडलं. आजाराने त्याला ड्रम दिले नाहीत. आजाराने त्याच्याकडनं ड्रम काढून घेतले, आणि मग आई काढून घेतली, आणि त्या बाईचा जीव गेला तो वेगळाच, तिचा तर कुठल्या कव्हरवर उल्लेखही नाही.

मला हे एवढं का लागतं ते सांगतो. माझे मामा आमच्या वाड्यावर शामेळ वाजवायचे. मी सातवीत असताना ते रात्री उठून विहिरीपाशी कुणाशी तरी बोलायला लागले. घरात आधी देवाला कौल लावले, गाऱ्हाणं घातलं, एक वर्ष त्यातच गेलं. बांबोळीला सरकारी मनोरुग्णालय आहे, म्हणून 'बांबोळीला न्या' हे आमच्याकडे शिवीसारखं म्हणतात, त्यामुळे खरंच बांबोळीला न्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी आजीने नेलं, आयपीएचबीत म्हणजे त्याच मनोरुग्णालयात, एकटीने, बसने. आज मामा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, गोळ्या रोज चालू, हात थोडा कापतो, जाडी वाढलीय, पण चवथीला बसतात वाजवायला. पूर्वीइतकं चपळ नाही. लय मात्र तीच. हा आजार शंभरात साधारण एकाला होतो असं डॉक्टर सांगतात, आणि बहुतेक पेशंट कुणाच्या अंगावर जात नाहीत, मामांनी कधी मुंगीसुद्धा मारली नाही. ज्यांच्या घरी असं काही चालू आहे त्यांनी कौल लावायचे तर लावा पण डॉक्टरकडे जायला वर्ष घालवू नका. सरकारचा टेलि-मानसचा फुकट नंबर पण आहे, १४४१६, कधीही लागतो.

तर त्या दिवशी मी अंकलना म्हटलं, अंकल, हा स्टिकर काढा ना. ते म्हणाले, अरे बाबा, असं लिहिलं की पोरं उचलतात, नाहीतर ही एलपी इथे दोन वर्षं पडून होती. मी म्हटलं, आमच्या घरात एक माणूस आहे ह्याच आजाराचा, तो ही एलपी हातात घेणार आहे. ते काही बोलले नाहीत. आत जाऊन खोबरेल तेलाची बाटली आणली, बोटाने थोडं थोडं लावत दहा मिनिटं बसून स्टिकर सोडवला. निघाला, पण डिंकाचा डाग त्या बाईच्या हनुवटीवर राहिलाय आणि तेलाने कागद तिथे गडद झालाय. पुढच्या महिन्यात गेलो तर ट्रॅफिकच्या एलपीवर तसाच स्टिकर होता. परत सांगितलं. परत जाईन तेव्हा परत बघीन.

घ्यायची असेल तर एवढं सांगतो, आणल्या आणल्या डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रशने एकदा पुसून घ्या, आतले कागदी पाकीट बदला, आणि सुई जुनी असेल तर चौथी बाजू लावू नका, पियानोचा भाग खरखरतो. पार्किंग बाजाराच्या दिवशी अजिबात मिळत नाही.

मामा मागच्या रविवारी जेवायला आले होते. मी काही न सांगता चौथी बाजू लावली. 'लेला'च्या आरडाओरड्यात ते लाडू खात होते, पियानो आला तसं ताट बाजूला केलं आणि खुर्चीच्या हातावर बोटं टेकवली. दोन बोटं, शामेळाच्या काठ्यांसारखी. कापत होती आधी, मग ठेक्यात बसली. शेवटी गिटारवर पक्षी ओरडल्यासारखा आवाज येतो तिथपर्यंत डोळे मिटून होते. मग शेवटचं छोटं गाणं लागलं, त्यात ड्रम नाहीत.

मामांनी डोळे उघडले. 'हो बरें वाजयता रे,' म्हणाले, म्हणजे हा चांगलं वाजवतो. 'खंय गेलो? परत लाव.'

मी सुई उचलून मागे ठेवली.