शाळेच्या प्रकल्पासाठी मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत सुरू झालेला विश्वकोश आता मोबाईलवर फुकट वाचता येतो. आठवी ते दहावीच्या प्रकल्पांसाठी मराठीत याच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही.

मुलं अडतात ती शोधताना. व्यक्तीची नोंद आडनावाने लागते, म्हणून ‘लोकमान्य’ऐवजी ‘टिळक’ टाकावं. परदेशी नावांचं लेखन वेगळं असतं. ‘आईनस्टाईन’ला काही मिळालं नाही तर ‘आइन्स्टाइन’ टाकून पाहा. अख्खा प्रश्न चिकटवू नका, एकच नाम द्या. तेही जमलं नाही तर गूगलवर विषयापुढे ‘मराठी विश्वकोश’ लिहिलं की बहुतेकदा नेमकी नोंद वर येते.

खरी काळजी घ्यायची ती जुन्या माहितीची. पहिला खंड १९७६चा. त्यातल्या ‘आंध्र प्रदेश’ नोंदीतला प्रदेश २०१४मध्ये वेगळ्या झालेल्या तेलंगणासकट आहे. लोकसंख्या, जिल्हे, उत्पादनाचे आकडे तिथून जसेच्या तसे उतरवले की प्रकल्प चुकलाच. आकडे जनगणनेच्या संकेतस्थळावरून घ्यावेत. व्याख्या, इतिहास, रचना, प्रक्रिया मात्र निर्धास्त विश्वकोशातून.

भाषा जड आहे, पाचवी-सहावीच्या मुलांना एकट्याने झेपणार नाही. त्यांच्यासाठी कुमार विश्वकोश बरा. ज्ञानमंडळांच्या, म्हणजे विश्वकोशासाठी काम करणाऱ्या विषयवार तज्ज्ञगटांच्या, नव्या नोंदी तुलनेने सुटसुटीत असतात आणि त्यांखाली बहुधा समीक्षकाचंही नाव असतं. नोंदीचं शीर्षक, लेखकाचं नाव आणि पाहिल्याची तारीख वहीत तेव्हाच टिपायला लावा. संदर्भसूची करताना पुन्हा शोधाशोध होत नाही.