आधी वायर, मग बल्ब : एच-४ हेडलाइटसाठी रिले किट, आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी जनावरांची डॉक्टर आहे. गाय अडली की फोन येतो आणि तो बहुधा रात्रीच येतो. दोऱ्या, हातमोजे, औषधांची पेटी डिकीत टाकायची आणि निघायचं. माझ्या वाटेवर दिव्याचे खांब नाहीत, रस्त्याच्या कडेला पांढरे पट्टे नाहीत. रात्री डांबर ऊबदार असतं म्हणून जनावरं रस्त्यातच बसतात. त्यांच्या अंगाला रिफ्लेक्टर नसतात. एका रात्री पावसात एक काळं वासरू मला दिसलं तेव्हा माझ्या बंपरपासून हातभर अंतरावर होतं. ते उठून निघून गेलं. मी मात्र बराच वेळ गाडी पुढे नेऊ शकले नाही. जनावरं वाचवायला निघालेल्या माणसाच्या गाडीखाली जनावर यावं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. हेडलाइटचं काहीतरी करायचंच, हे त्याच रात्री ठरलं.

गाडी चौदा वर्षांची हॅचबॅक. एका बाजूला एकच बल्ब, एच-४ प्रकारचा, म्हणजे एकाच काचेत दोन फिलामेंट, तापून उजळणाऱ्या बारीक तारा : अप्परला, म्हणजे लांबच्या झोताला ६० वॅट, डिपरला, म्हणजे खालच्या झोताला ५५. नवी गाडी किंवा प्रोजेक्टरचे दिवे बसवणं खिशाला परवडणारं नव्हतं. त्यामुळे थोडक्या पैशांत काय जमतं, ते एकेक करून पाहिलं.

सगळ्यांत आधी मीही तेच केलं जे सगळे करतात. स्वस्तातला एलईडीचा जोड आणला. खोक्यावर ल्युमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा, भलामोठा आकडा. अंगणात लावून पाहिलं तर समोरची भिंत दुधासारखी पांढरी झाली आणि मी खूश झाले. रस्त्यावर गेल्यावर खरं काय ते कळलं. बॉनेटच्या पुढचा थोडा भाग लख्ख, आणि त्यापलीकडे आधीपेक्षाही गडद काळोख. जवळचं इतकं उजळलं की डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि लांबचा जो थोडा उजेड असतो तोही दिसेनासा होतो. समोरून येणारा प्रत्येक जण मला अप्पर मारत होता, माझा डिपर असूनही.

याचं कारण बल्बच्या आत आहे. एच-४ मधल्या डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरच्या वरच्याच अर्ध्या भागावर उजेड पडतो, आणि त्यातूनच रस्त्यावर ती स्पष्ट आडवी रेघ तयार होते, जिच्या वर उजेड जायचा नाही. रिफ्लेक्टरचा एकेक पैलू त्या बारीक तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. तिथे दोन बाजूंना चिप चिकटवलेली जाड पट्टी ठेवली की हिशेब चुकतो. मिलिमीटरभराच्या फरकाने उजेड भलतीकडे जातो. चांगल्या कंपन्यांनी या बाबतीत मेहनत घेतली आहे; जर्मनीत २०२० पासून काही ठरावीक एलईडी बल्बांना ठरावीक गाड्यांपुरती मान्यताही मिळाली आहे. पण माझ्या हातातला जोड त्यातला नव्हता. नवव्या दिवशी काढून ठेवला. समोरच्याला आंधळं करून मला दिसणार असेल तर ते मला नकोच, आणि इथे तर मलाही दिसत नव्हतं.

मग माझ्या मूळ बल्बसारखेच, पण १००/९० वॅटचे हॅलोजन घ्यायचा विचार आला. ते घेऊन आमच्या इलेक्ट्रिशियनकडे गेले असते तर त्यांनी कदाचित बसवूनही दिले असते, पण मी आधी विचारलं. त्यांनी खण उघडून एक होल्डर दाखवला : प्लॅस्टिक वितळून गूळ झालेलं, आतली पितळी पात काळी पडलेली. हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टवर ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो, ९० वॅटचा साडेसात. कारखान्यातून आलेली वायर, स्विच आणि होल्डर पहिल्या आकड्यासाठी असतात. शिवाय उष्णतेने रिफ्लेक्टरची चकाकी जाते, आणि बहुतेक देशांत असे बल्ब रस्त्यावर चालवायला मान्यताच नाही.

“डॉक्टरबाई, तुमचा बल्ब चांगला आहे, तो उपाशी आहे,” ते म्हणाले. “उपाशी बैलाला चाबूक मारून काय होणार? आधी त्याच्यापर्यंत किती पोचतंय ते मोजू.”

हे मोजणं प्रत्येकाने एकदा करावं. साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू, हेडलाइट चालू, आणि मुख्य म्हणजे बल्ब होल्डरमध्ये बसलेला आणि पेटलेला. बल्ब काढून नुसत्या होल्डरवर मोजलं तर आकडा पूर्ण दिसतो आणि फसगत होते, कारण प्रवाह वाहतच नसतो. माझ्या गाडीत बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते. डिपरच्या टोकावर १२.२. मधले १.७ व्होल्ट चौदा वर्षं जुन्या वायरीत, डॅशबोर्डच्या स्विचमध्ये आणि गंजलेल्या अर्थिंगमध्ये उष्णता होऊन विरत होते.

१.७ म्हणजे फार नाही असं मलाही वाटलं होतं. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, तो साधारण ३.४ व्या घाताने कमी होतो. एच-४ च्या डिपरचा प्रमाणित उजेड १३.२ व्होल्टवर १००० ल्युमेनच्या आसपास धरलेला असतो. १२.२ वर तोच बल्ब साडेसातशेच्या जरा वर देतो. म्हणजे माझ्या गाडीत पाव हिस्सा उजेड रस्त्यावर पोचण्याआधीच संपत होता, आणि मी नवा बल्ब शोधत फिरत होते.

म्हणून रिले किट घेतलं. रिले म्हणजे थोड्याशा प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच. या लेखाचं खरं निमित्त तेच आहे.

खोक्यात दोन रिले, एच-४ चे दोन सिरॅमिक होल्डर, जाड वायरींचा तयार जुडगा, फ्यूजचा होल्डर, अर्थिंगच्या रिंगा आणि जुन्या होल्डरमध्ये खोचायचा एक कपलर असं सामान निघालं. कल्पना अशी की जुन्या वायरीतून आता फक्त रिलेला इशारा जातो, अगदी थोडासा प्रवाह. खरा प्रवाह बॅटरीवरून फ्यूजमार्गे, रिलेच्या ३० आणि ८७ या टोकांतून थेट बल्बला जातो. कुठेही मूळ वायर कापावी लागली नाही, याचं मला सगळ्यांत जास्त कौतुक वाटलं. उद्या किट काढलं तर गाडी होती तशी.

पण बसवल्या दिवशी मी निराश झाले. मोजलं तर १२.९. एवढा खटाटोप करून? मग मल्टिमीटरची एक पिन बल्बच्या अर्थवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर धरली, तेव्हा चोर सापडला. अर्थिंगची रिंग रंगावरच आवळली होती. रंग घासून खालचा पत्रा उघडा केला, रिंग पुन्हा आवळली, वरून ग्रीस लावलं. १३.५. त्या ३.४ च्या हिशेबाने आधीपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त उजेड, तोच जुना बल्ब, तोच रिफ्लेक्टर. उजेडाचा रंगही बदलला. तांबूस पिवळा जाऊन स्वच्छ पांढरट झाला, कारण तार आता हवी तितकी तापत होती.

किटमधल्या उणिवाही सांगते. फ्यूजच्या होल्डरला रबरी टोपण नव्हतं. इंजिनापाशी पाणी उडतं, तेव्हा टोपण असलेला होल्डर वेगळा आणून लावला. बॅटरीपासून दूरच्या बाजूच्या दिव्याकडे जाणारी वायर जेमतेम पुरली. रेडिएटरच्या वरच्या पट्टीमागून ती ताणूनच न्यावी लागली, आणि ताणलेली वायर मला आवडत नाही. रिले कसे बसवायचे याबद्दल सोबतच्या कागदावर अक्षर नव्हतं. ते पिना खाली करून बसवावेत, नाहीतर आत पाणी साचतं. आणखी एक महत्त्वाची गोष्ट : काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच पॉझिटिव्ह बाजू तोडतो, काहींत अर्थची. किट घेण्याआधी आपल्या गाडीत काय आहे ते तपासून घ्या, नाहीतर दिवे पेटणारच नाहीत. आणि नव्या गाड्यांत कॉम्प्युटर बल्बवर नजर ठेवून असतो, कधी वीज तुकड्यातुकड्याने सोडतो. तिथे असलं साधं किट बसवलं की रिले तडतडतात आणि डॅशबोर्डवर इशारे येतात. अशा गाडीसाठी हे किट नाही.

वीज पोटभर मिळू लागल्यावर बल्ब लवकर जातो, हेही खरं. १३.२ च्या जागी १३.५ दिले की आयुष्य सुमारे पाव हिश्शाने घटतं. मला हा सौदा मान्य आहे.

खोक्यावर अधिक शंभर, अधिक दीडशे टक्के लिहिलेले महागडे हॅलोजनही एकदा लावून पाहिले. तो आकडा एकूण उजेडाचा नसतो. प्रकाशझोतातल्या ठरावीक जागी, नियमाने ठरवलेल्या किमान मर्यादेच्या तुलनेत किती जास्त, एवढंच तो सांगतो. तरी फरक दिसला. लांबचा थ्रो खरंच सुधारला. पण त्यांची तार नाजूक असते आणि माझे रस्ते खडबडीत. पाचव्या महिन्यात एका बाजूचा डिपर गेला. आता नामांकित कंपनीचे साधे ६०/५५ लावते, दोन्ही बाजूंचे एकदम बदलते. निळसर काचेचे तर घेऊच नयेत. निळा लेप उजेडाचा काही भाग गाळूनच टाकतो, आणि पावसात भिजलेल्या रस्त्यावर मला निळसरपेक्षा पिवळट उजेडातच जास्त दिसतं.

बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. त्वचेचं तेल लागलेली जागा तापून काच तिथे कमजोर होते. माझ्याकडे हातमोज्यांना तोटा नाही, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकवर मात्र एक अख्खी दुपार घालवली. ८०० नंबरच्या पॉलिश पेपरपासून ३००० पर्यंत, पाणी मारत, मग पॉलिश. शेवटी उन्हापासून वाचवणारा पारदर्शक थर चढवला. तो न चढवता सोडलं तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं पडतं. कमी पैशांत सगळ्यांत जास्त काय मिळालं असं विचाराल तर रिले किटच्या खालोखाल हेच.

आणि फोकस. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटर गाडी लावली, बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारली, आणि डिपरची वरची रेघ त्याखाली १० सेंटिमीटरवर आणली. हे रिकाम्या गाडीवर केलं आणि चुकलं. माझ्या डिकीत कायम औषधांची पेटी आणि पाण्याचे दोन कॅन असतात. त्या वजनाने मागची बाजू दबते आणि झोत वर उठतो. दुसऱ्यांदा सगळं सामान भरून, पुढच्या सीटवर मुलाला बसवून फोकस लावला. “आई, किती वेळ बसू?” असं त्याने चार वेळा विचारलं.

गेल्या आठवड्यात पहाटे तीनला परतत होते. वळणापलीकडे दोन हिरवट ठिपके दिसले, मग कान, मग अख्खी गाय, रस्त्याच्या मधोमध, रवंथ करत. मी सावकाश ब्रेक दाबला आणि बऱ्याच अंतरावर थांबले. दिवे डिपरवर ठेवले, खाली उतरले आणि तिला हाकलायच्या आधी सवयीने तिच्या पोटावर हात ठेवून पाहिला. सातवा महिना असावा.