पॅरिसमध्ये जेवायचं कुठे: बुइयाँ, क्रेपरी, फलाफल की ला शापेलचा डोसा?

पॅरिसला चाललोय, आयफेलजवळ चांगलं रेस्टॉरंट सांगा असं कोणी विचारलं की माझं पहिलं उत्तर ठरलेलं, आयफेलच्या पायथ्याशी जेवूच नका. बघायचं ते बघून घ्या आणि भूक लागायच्या आधी मेट्रो पकडा, कारण तिथे फोटोवालं मेनूकार्ड आणि दारात उभं राहून हाका मारणारा माणूस दिसला की पैसे जास्त आणि चव कमी हे जवळपास नक्की. लॅटिन क्वार्टरमधल्या र्यू द ला ह्युशेत या रस्त्यालाही हेच लागू.

आता कुठे जायचं ते तुमच्यात कोण काय खातं त्यावर आहे. सगळे नॉनव्हेजवाले असाल तर डोळे झाकून बुइयाँला जा. बुइयाँ म्हणजे जुन्या पद्धतीची स्वस्त आणि मोठी फ्रेंच खानावळ, 1855 च्या सुमारास द्युवाल नावाच्या खाटकाने ले आल मार्केटमधल्या कामगारांना मांस आणि गरम रस्सा द्यायला सुरुवात केली तिथून हा प्रकार आला. सगळ्यात प्रसिद्ध बुइयाँ शार्तिए, ग्राँ बुलव्हार मेट्रोजवळ, 1896 पासूनचं. उंच छत, आरसे, डोक्यावर सामान ठेवायला पितळी रॅक, आणि वेटर काळ्या जाकिटात येऊन तुमची ऑर्डर टेबलावरच्या कागदावर पेनाने लिहितो, शेवटी तिथेच बेरीज करून बिल. अंडं-मेयोनीज, बफ बुर्गिन्याँ, बदकाची तंगडी, वर गोड काहीतरी, एवढं होऊन माणशी 20-25 युरोत पोट भरतं, पॅरिसच्या मानाने हे खरंच स्वस्त आहे. बुर्गिन्याँ म्हणजे बीफ हे लक्षात ठेवा, न चालणाऱ्यांनी चिकन किंवा मासा बघावा. शार्तिएला बुकिंग नसतं, रांग लावावी लागते, पण आत फार गर्दी नको असेल तर दुपारी 3-4 ला जा, ते दिवसभर उघडं असतं. रांग अजिबातच नको तर बुइयाँ पिगाल किंवा बुइयाँ रेपब्लिक, तिथे आधी बुकिंग करता येतं.

शाकाहारी माणसाला मात्र मी बुइयाँला एकट्याच्या जिवावर पाठवणार नाही. मिळतं, पण एखाद-दोनच पदार्थ, आणि फसायच्या जागा भरपूर. ओनियन सूप बघायला किती निरुपद्रवी वाटतं, पण ते बहुतेक ठिकाणी बीफच्या स्टॉकमध्ये करतात, सॅलडमध्ये बेकनचे तुकडे येतात, आणि बऱ्याच फ्रेंच चीझमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात ते) असतं. कडक पाळणाऱ्यांनी हे आधीच माहीत करून घेतलेलं बरं, जेवण समोर आल्यावर कळून मनस्ताप नको.

अंडं आणि चीझ चालत असेल तर माझी पसंती क्रेपरी, म्हणजे फ्रेंच पातळ घावन मिळणारी हॉटेलं, अगदी बुइयाँच्याही वर. माँपारनास स्टेशनजवळच्या र्यू द्यु माँपारनासवर ओळीने क्रेपरी आहेत, कारण फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातून येणाऱ्या गाड्या याच स्टेशनात येतात आणि तिथले, म्हणजे ब्रेटन, लोक आसपासच स्थिरावले, गालेत हा त्यांचाच पदार्थ. गालेत म्हणजे बकव्हीटच्या, आपल्या कुट्टूच्या पिठाचा पातळ घावनच समजा, कडा कुरकुरीत, चारही बाजू आत दुमडून चौकोन केलेला, मधे वितळलेलं चीझ आणि त्यावर अर्धकच्चा पिवळा बलक. कोंप्लेत नावाच्या गालेतमध्ये हॅम असतं म्हणजे डुक्कर, तेव्हा "साँ जाँबाँ", म्हणजे हॅमशिवाय, एवढं म्हणायचं, किंवा मशरूम नाहीतर पालकाचं घ्यायचं. नंतर मिठाच्या कॅरामलचा गोड क्रेप नक्की घ्या, हा सोडू नका.

अंडंही नको, तर र्यू दे रोझिएवरचं फलाफल. सँ पोल मेट्रोवरून चालत पाच मिनिटं, जुनी ज्यू वस्ती. पिटा ब्रेडमध्ये छोल्याचे गरम वडे, तळलेलं वांगं, कोबी, ताहिनी म्हणजे तिळाची पेस्ट, तिखट सॉस, आणि खिडकीतून घेतलं तर 10 युरोच्या आसपास, आत बसून थोडं महाग. पोटभर होतं आणि मुलांनाही आवडतं. फक्त शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ शब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसामुळे, लास द्यु फलाफल हे दुकान आणि इतरही बरीच दुकानं बंद असतात, शनिवारच्या दुपारचा प्लॅन करू नका.

राहिला भात. आईवडील बरोबर असतील तर हा मुद्दा छोटा नाही हो, तिसऱ्या दिवशी चेहरे उतरतात. मग गार द्यु नोर स्टेशनच्या मागे ला शापेल. श्रीलंकेतल्या युद्धामुळे आलेल्या तमिळ लोकांची वस्ती, फोबुर सँ देनी रस्त्यावर नुसती दुकानं बघत गेलात तरी कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, झेंडूचे हार. डोसा, इडली, सांबार-भात, कोत्तू रोटी, सगळं. पासाज ब्रादीमधल्या उत्तर भारतीय हॉटेलांपेक्षा मला इथली चव खूप खरी वाटते. ऑगस्टअखेर-सप्टेंबरात जाणार असाल तर तारीख बघून ठेवा, तिथल्या तमिळ गणपती मंदिराचा रथ याच रस्त्यांवरून निघतो, रस्त्यात नारळांचे ढीग फोडतात.

चार दिवस असतील तर मी असं करेन, मोठं फ्रेंच जेवण दुपारी आणि हलकं रात्री. आठवड्यातल्या दिवशी दुपारी "फॉर्म्युल" मिळतं, म्हणजे ठरलेल्या भावात दोन पदार्थ, तेच रात्री चांगलंच महाग पडतं. पण साधारण 12 ते 2 या वेळातच पोचा, नंतर बऱ्याच ठिकाणी किचन बंद होऊन थेट 7 ला उघडतं. पाण्यासाठी "काराफ दो" मागा, नळाचं पाणी फुकट असतं आणि चांगलं असतं, ब्रेडचेही पैसे नसतात. सर्व्हिस बिलातच धरलेली असते, वर टिप द्यायचं बंधन नाही. आणि ऑगस्टमध्ये जात असाल तर एखादं छोटं हॉटेल मनात धरून लांब जाण्याआधी उघडं आहे का ते फोन करून विचारा, मालकच सुट्टीवर गेलेले असतात.