राडुकानू की कार्तल? एकीचाच हंगाम बघायचा असेल तर

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर अँडी मरेने रॅकेट खाली ठेवली आणि त्याच्यापायी ब्रिटिश टेनिसच्या नादाला लागलेल्या मंडळींची पंचाईत झाली. आता जीव कोणात गुंतवायचा? महिलांकडे वळलात तर प्रश्न बहुधा दोन नावांपाशी येऊन थांबतो, एमा राडुकानू आणि सोनाय कार्तल. केटी बोल्टर आहे, पण तिचा जन्म १९९६ चा. तरुणांच्या यादीत तिला ओढून बसवण्यात अर्थ नाही. मिका स्टॉयसाव्ल्येविचने २०२४ ची मुलींची यूएस ओपन जिंकली, हॅना क्लगमन २०२५ मध्ये फ्रेंच ओपनच्या मुलींच्या अंतिम फेरीत गेली. पण लॉरा रॉब्सन चौदाव्या वर्षी विम्बल्डनची मुलींची विजेती झाली तेव्हाही आपण असेच हरखलो होतो. मनगट आणि खुब्याच्या दुखण्यांनी तिला अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्ती घ्यायला लावली. तेव्हापासून ज्युनियर करंडकांवर भाळायचं नाही, असं मी ठरवून टाकलंय.

राहिल्या दोघी. दोघींचंही सगळं बघू म्हणाल तर नोकरी सांभाळून ते होत नाही. हंगाम जवळजवळ वर्षभर चालतो आणि अमेरिकेतले बरेच सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर. मी निवड करून मोकळा झालो. ती कशी केली ते सांगतो, तुमची वेगळी निघाली तर भांडण नाही.

एमाने २०२१ ची यूएस ओपन कशी जिंकली ते पुन्हा सांगत बसत नाही. पात्रता फेरीपासून दहा सामने, एकही सेट न गमावता, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पुणेकरांसाठी एवढीच पुरवणी, की त्याआधी दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, डिसेंबर २०१९ मध्ये, हीच मुलगी डेक्कन जिमखान्यावर पंचवीस हजार डॉलरची आयटीएफ स्पर्धा (टेनिसची खालच्या पायरीची व्यावसायिक स्पर्धा) जिंकून गेली होती. आता विचाराल तर तो अंतिम सामना प्रत्यक्ष बघितलेले इतके लोक पुण्यात निघतील की जिमखान्याला गॅलरी वाढवावी लागेल.

माझ्या मते तिचं खरं सामर्थ्य सर्व्हिस परतवण्यात आहे. समोरचीची दुसरी सर्व्हिस आली की एमा बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, आत पाऊल टाकते आणि चेंडू चढत असतानाच मारते. २०२४ च्या विम्बल्डनमध्ये तिने मारिया साक्कारीला ६-२, ६-३ असं उडवलं, तेव्हा साक्कारीला सर्व्हिसनंतर सावरायलाच वेळ मिळत नव्हता. २०२५ मध्ये विम्बल्डनला तेव्हाच्या अव्वल आर्यना सबालेंकाविरुद्ध दुसऱ्या सेटमध्ये ती ४-१ अशी पुढे होती, आणि सिनसिनाटीला त्याच सबालेंकाला तिने तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत खेचलं. दोन्ही सामने हरली. पण असं टेनिस कार्तलच्या रॅकेटमधून मी अजून पाहिलेलं नाही, हे कबूल.

शरीराने दगा दिला त्याचं खापरही मी तिच्यावर फोडणार नाही. जुलै २०२२ मध्ये जगात दहावी, आणि मे २०२३ मध्ये दोन्ही मनगटं आणि एक घोटा शस्त्रक्रियेच्या टेबलावर. अशा मुलीने परत येऊन पहिल्या तिसात शिरणं ही लहान गोष्ट नाही. पैसे, जाहिराती, मासिकांची मुखपृष्ठं यावरून तिला टोमणे मारणाऱ्यांशीही माझं जमत नाही. अठराव्या वर्षी कोणी पुढे केलेले पैसे आपण नाकारले असते का?

मला वैताग आणला तो कोचनी. नीट सांगायचं तर कोच बदलण्याने. २०२१ च्या विम्बल्डनला नायजेल सीअर्स, न्यूयॉर्कच्या यूएस ओपनला अँड्र्यू रिचर्डसन. जेतेपदानंतर लगेच रिचर्डसन गेले. मग टॉर्बन बेल्ट्झ, दिमित्री तुर्सुनोव्ह, सेबास्टियन साक्स. निक कॅवडे जवळजवळ वर्षभर टिकले, तर तेच तब्येतीच्या कारणाने थांबले. त्यात तिचा काही दोष नाही. २०२५ च्या मार्चमध्ये व्लादिमीर प्लाटेनिक आले आणि मायामीची स्पर्धा नीट सुरू व्हायच्या आत गेलेही. नंतर मार्क पेची, तेही अर्धवेळ. ऑगस्टमध्ये नदालच्या चमूत कित्येक वर्षं राहिलेले फ्रान्सिस्को रॉइग आले. २०२६ च्या ऑस्ट्रेलियन ओपननंतर तेही संपलं.

यावर 'एमाला प्रश्न फार पडतात, उत्तरं नाही मिळाली की ती पुढे जाते' असा बचाव केला जातो. असेलही. गणितात हुशार मुलगी आहे, तिचं तिला कळत असेल. मी बोलतोय ते बघणाऱ्याच्या बाजूने. एखादीचा हंगाम बघायचा म्हणजे मार्चमध्ये कच्ची दिसलेली गोष्ट जुलैत पक्की झाली का, ते बघायचं. तिचा फोरहँड कधी सपाट तर कधी जास्त फिरकीचा, सर्व्हिसची लय आज एक, चार महिन्यांनी दुसरी. दर वेळी नवा माणूस, नवा आराखडा, आणि समालोचकांचा पहिला अर्धा तास त्याच्यावरच. टीव्ही लावावा तर स्कोअरच्या आधी प्रेक्षकांतल्या तिच्या बॉक्सवर कॅमेरा. दिवाळीआधी घर रंगवायला काढावं आणि दर खोलीत रंगारी बदलावा, तसं काहीसं. एके दिवशी लक्षात आलं, की आपण तिचं टेनिस कमी आणि तिच्या नेमणुका जास्त बघतोय. तिथे माझं मन उडालं.

कार्तल एमापेक्षा वर्षभराने मोठी. दोघी इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातल्या, लहानपणी एकमेकींविरुद्ध खेळलेल्या. एमा न्यूयॉर्कला जिंकली तेव्हा सोनाय छोट्या आयटीएफ स्पर्धांमध्ये होती. २०२४ च्या सुरुवातीला आजारपणाने तिचे काही महिने गेले, क्रमवारीत ती तीनशेच्या आसपास घसरली. त्याच वर्षी विम्बल्डनची पात्रता फेरी पार करून ती तिसऱ्या फेरीत गेली, सप्टेंबरमध्ये ट्युनिशियातल्या मोनास्टिरला पहिलं डब्ल्यूटीए (महिलांच्या मुख्य व्यावसायिक मालिकेतलं) विजेतेपद घेतलं. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या इंडियन वेल्सला पात्रता फेरीत हरली, कोणीतरी माघार घेतली म्हणून मुख्य स्पर्धेत जागा मिळाली आणि तिथून चौथ्या फेरीपर्यंत गेली. विम्बल्डनला पहिल्याच दिवशी ओस्टापेंकोला बाहेर काढलं आणि एकेरीत शेवटपर्यंत उरलेली ब्रिटिश महिला तीच. शरद ऋतूत बीजिंगला पहिल्या दहातल्या मिरा आंद्रेयेवाला हरवलं.

या सगळ्या काळात ब्रायटनची पोर आणि कोच बेन रीव्हज, ही जोडी कायम.

उंची बेताची, सर्व्हिसवर फुकटचे गुण फारसे मिळत नाहीत. जोरात मारणारी समोर आली की ती बेसलाइनच्या बरीच मागे ढकलली जाते. पण पाय विलक्षण चपळ, फोरहँडला जड टॉपस्पिन, आणि मध्येच एखादा बॅकहँड स्लाइस, की समोरचीला गुडघे वाकवून खालून उचलावं लागतं. समोरचीला आणखी एक फटका मारायला लावायचा, एवढाच तिचा धंदा. २०२४ च्या उन्हाळ्यात आणि २०२५ च्या उन्हाळ्यात याच गोष्टी दिसतात, फक्त दुसऱ्या वेळी जरा आत उभं राहून. मला एवढं पुरतं.

२०२५ च्या विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत रशियाच्या पाव्ल्युचेंकोवाविरुद्ध पहिल्या सेटमध्ये ४-४ असताना सोनायचा फटका बाहेर पडला आणि चेंडू आत की बाहेर ते सांगणारं यंत्रच बंद असल्याने गुण पुन्हा खेळवला गेला. तो गेम सोनायच्या पदरात पडला, प्रतिस्पर्धी भडकली, सेंटर कोर्टावर कुजबुज. सोनाय हरली सरळ दोन सेटमध्येच, पण त्या गोंधळात तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

आता तिची गैरसोय. ती दिसत नाही. बहुतेक सामने बाहेरच्या कोर्टांवर आणि आपल्याकडच्या प्रक्षेपणात मोठ्या कोर्टांचीच चलती. कित्येक सामने मी मोबाइलवर नुसते आकडे बदलताना बघून काढलेत. टीव्हीवर हमखास दिसेल, ऑफिसात चार लोकांशी बोलता येईल, असं कोणी हवं असेल तर एमाच घ्या. वर्षातले निवडक आठ-दहा मोठे सामनेच बघणार असाल तरीही एमाच. त्या दिवशी तिचं जमलं तर पैसे वसूल. जानेवारीपासून आठवड्यामागून आठवडे चिकटून राहणारे असाल तर मात्र कार्तलकडे बघा, असं सुचवेन.

सुरुवात गवतावर करा. विम्बल्डनची बाहेरची कोर्टं आपल्या दुपारी साडेतीनला सुरू होतात, सेंटर कोर्ट संध्याकाळी सहाला. पहिल्या फेरीत दोघी एकाच दिवशी आल्या तर बहुतेक वेळा दोन्ही सामने बघता येतात, फक्त अर्ध्या दिवसाची रजा आधी टाकून ठेवा.