‘अंतरा’ इंजेक्शनसाठी उपजिल्हा रुग्णालयाच्या तीन खेपा

धाकट्या जावेसोबत गेल्या सहा महिन्यांत मी तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयातील कुटुंबकल्याण विभागात ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनसाठी तीन वेळा जाऊन आले. ती २१ वर्षांची आहे, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि पदवी हाती येईपर्यंत मूल नको हे तिचे व माझ्या दिराचे ठरलेले आहे. गावातील आशाताई गोळ्या आणि निरोध घरपोच देतात हे खरे. परंतु त्या आमच्या सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या असल्यामुळे नव्या सुनेने त्यांच्याकडे काही मागितले, तर संध्याकाळपर्यंत ते गावभर होते. म्हणून एस.टी.चा हा प्रवास.

समुपदेशनाबद्दल तक्रारीला जागा नाही. तेथील ताईंनी रक्तदाब व वजन पाहिले, शेवटच्या पाळीची तारीख विचारली, ‘छाया’ गोळ्या आणि तांबी हे पर्यायही मांडले; आणि दर तीन महिन्यांनी घ्यायच्या या इंजेक्शनाने पाळी अनियमित होते किंवा थांबते, शिवाय शेवटच्या इंजेक्शनानंतर दिवस राहण्यास सात ते दहा महिने लागू शकतात, हे टोचण्याआधीच स्पष्ट सांगितले. हे सगळे विनामूल्य.

अडचण आहे ती त्या खोलीपर्यंत पोहोचण्याची. नोंदणीच्या खिडकीवर, लसीकरणाला आलेल्या बायकांच्या रांगेदेखत, “पहिलं मूल झालं नाही आणि इंजेक्शन कशाला? घरी विचारलंय का?” असे मोठ्याने विचारले गेले. नवऱ्याच्या किंवा सासूच्या परवानगीची अट या सेवेला नाही. पण पहिल्या बाळंतपणाआधी काही घेतले की पिशवी खराब होते, ही गावातली समजूत खिडकीच्या पलीकडेही बसलेली आहे. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठीच्या ‘मैत्री क्लिनिक’चे दारही याच रांगेसमोर उघडते, आणि तिन्ही खेपांत एकही मुलगी त्यात एकटी शिरताना मला दिसली नाही.

दुसऱ्या इंजेक्शनानंतर पाळी थांबली, तेव्हा सासूबाईंना सगळे कळले. रक्त आत साठून गाठ होईल या धास्तीने त्यांनी घर डोक्यावर घेतले, म्हणून तिसऱ्या खेपेला त्यांनाच बरोबर नेले. गर्भाशयाचे अस्तर फारसे वाढतच नाही, त्यामुळे साठायला रक्त नसते, हे ताईंनी चित्र काढून समजावले आणि त्यांना ते पटले. “पण वर्ष झाल्यावर गल्लीत गोड बातमी विचारतील, त्यांना काय सांगू?” या त्यांच्या प्रश्नाला मात्र ताईंकडेही उत्तर नव्हते.

जाणाऱ्यांनी दुपारी जावे, रांग कमी असते. आणि पुढील तारखेचे कार्ड न विसरता न्यावे. आमचे कार्ड आता सासूबाईंच्या ट्रंकेत, नणंदांच्या नजरेआड आहे.