टचडिझायनर: इलेक्ट्रॉनिक संगीतासोबत दृश्ये घडवण्याचा काही महिन्यांचा अनुभव

स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक संगीतासोबतची दृश्येही स्वतःच घडवावीत, या हेतूने मी गेले काही महिने टोरांटोच्या डेरिव्हेटिव्ह कंपनीचे टचडिझायनर हे सॉफ्टवेअर वापरते आहे. संगीत एबलटन लाइव्ह या संगीतरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि चित्र टचडिझायनरमध्ये तयार होते, आणि दोन्ही एकाच लॅपटॉपवर चालतात.

यात ऑपरेटर नावाचे चौकोन तारांनी एकमेकांना जोडत जायचे असते. चित्रावर काम करणारे ऑपरेटर म्हणजे टॉप, आणि काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांवर काम करणारे ते चॉप. ध्वनी या दुसऱ्या कुळात मोडतो. मला हीच मांडणी सर्वांत मोलाची वाटते, कारण आत आलेला ध्वनी आकड्यांची धारा बनतो आणि ती धारा रंग, आकार, गती किंवा कॅमेऱ्याचे अंतर यांपैकी कशालाही जोडता येते. पॅलेटमधला, म्हणजे सोबत येणाऱ्या तयार घटकांच्या संग्रहातला, ऑडिओ अ‍ॅनालिसिस हा घटक किक आणि स्नेअर हे ड्रमचे ठोके आणि खालचे, मधले, वरचे स्वरपट्टे वेगळे काढून देतो, त्यामुळे नवख्या माणसाच्या पडद्यावरही लवकरच काहीतरी तालावर हलू लागते.

मात्र किकच्या प्रत्येक ठोक्याला फुगणारे वर्तुळ दोन मिनिटांत कंटाळवाणे होते. यावरचा पहिला उपाय लॅग चॉपमध्ये आहे, कारण त्यात आकडा चढण्याचा आणि उतरण्याचा वेळ वेगवेगळा ठरवता येतो. मी चढ जवळजवळ शून्यावर ठेवते आणि उतार लांबवते, म्हणजे ठोका डोळ्यांना वेळेवर दिसतो आणि त्यानंतर चित्र सावकाश निवळत जाते. दुसरा उपाय फीडबॅक टॉपचा. त्यात मागची फ्रेम किंचित मंद करून पुन्हा चित्रात मिसळली जाते. सेकंदाला 60 फ्रेम असताना प्रत्येक फेरीत तेजाला 0.98 ने गुणले, तर सेकंदाभराने मूळ तेजाचा सुमारे 30 टक्के भाग उरतो, आणि 0.95 ने गुणले तर 5 टक्क्यांहूनही कमी. ध्वनीच्या डिलेमध्येही, म्हणजे प्रतिध्वनीसारख्या परिणामातही, हेच घडते. म्हणून मी सिंथेसायझरच्या डिलेचा फीडबॅक आणि चित्राचा फीडबॅक एकाच नॉबला बांधले आहेत, आणि माझ्या कामात ऐकणे आणि पाहणे खऱ्या अर्थाने एक झाले ते या जोडणीने.

तरीही ध्वनीची पातळी मोजून चित्राला फक्त चालू क्षण कळतो, रचना कळत नाही. 120 बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 120 मात्रांच्या, वेगात चार मात्रांचा एक बार धरला तर 16 बारांचा चढाव (संगीत हळूहळू तापत जाण्याचा भाग) 32 सेकंद चालतो; तो कुठे पोहोचणार आहे याची उत्कंठा ऐकणाऱ्याच्या मनात तयार होत असते आणि चित्राने तिला साथ द्यायला हवी. यासाठी टीडीएबलटन हा पूल अत्यंत उपयोगी आहे. लाइव्हमधली टेम्पो, क्लिप आणि नॉबची माहिती त्यातून थेट मिळते, आणि मग चढावाच्या काळात चित्र मुद्दाम रोखून धरता येते. मी तर संपूर्ण चढावभर एकच रेषा ठेवते. लखलखाटाबाबत मी एक नियम कटाक्षाने पाळते: प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्यांच्या सुरक्षेसाठी सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट टाळावेत असा संकेत आहे. 120 बीपीएमला सोळाव्या भागातली, म्हणजे मात्रेला चार वेळा वाजणारी, हाय-हॅट ही झांज सेकंदाला आठ वेळा वाजते, त्यामुळे तिला पडद्याच्या उजेडाशी कधीही जोडू नये. बारीक पोत हलवण्यासाठी ती उत्तम आहे.

अडचण मुख्यतः यंत्राच्या ताकदीची आहे. ग्राफिक्स कार्डवर ताण आला की फ्रेम गळू लागतात, आणि अडखळणाऱ्या 60 पेक्षा स्थिर 30 फ्रेम केव्हाही बऱ्या. प्रोजेक्टर चित्र किंचित उशिरा दाखवतो, म्हणून सभागृहात आधी टाळी वाजवून, तिने उमटलेला ठिपका पडद्यावर पाहून उशीर जोखावा आणि लाइव्हमधून बाहेर जाणाऱ्या ध्वनीला तेवढाच उशीर द्यावा.

विनामूल्य परवाना अव्यावसायिक वापरासाठी असून त्यात चित्राची मर्यादा 1280 गुणिले 1280 पिक्सेल आहे. सरावाला आणि लहान खोलीतल्या प्रयोगाला ती पुरते. मानधन घेऊन कार्यक्रम करायचा असेल तर सशुल्क परवाना घ्यावाच लागतो. विंडोज आणि मॅकओएसवर हे चालते, लिनक्सवर नाही. ज्यांना तयार व्हिडिओ क्लिपा तालावर बदलायच्या आहेत त्यांना रेझोल्यूम हे सॉफ्टवेअर अधिक सोयीचे पडेल; ज्यांना चित्राचे वागणेच संगीतासारखे रचायचे आहे त्यांनी टचडिझायनर शिकण्यात निःशंकपणे वेळ घालावा.